भिंतीतला दात

पिठाचा डबा ठेवायला जागा करावी म्हणून स्टेफानं टेबलावरचं जाकीट उचललं, तर ते उचलेना. लिओनचंच जाकीट. पाठीवर विद्यापीठाचं नाव, कोपरावर तिनंच लावलेलं ठिगळ. त्रेपन्न वर्षांचा घोडा झाला तरी वस्तू जागेवर टाकायची अक्कल नाही, असं ती तोंडातल्या तोंडात म्हणाली आणि दोन्ही हातांनी जाकीट ओढलं. आतून एक दगड निघाला. ताटाएवढा, तांबडा, चार बोटं जाड. मेणकापडावर तो असा पडला की जणू कुणाला तरी जेवायला वाढलाय. पुढची बाजू तिच्या ओळखीची होती: ओबडधोबड, छिन्नीचे घाव मुद्दाम तसेच ठेवलेली. त्या जुन्या इमारतींची सगळ्यांचीच ही तऱ्हा, दगड आत्ताच डोंगरातून उपटून आणल्यासारखा दिसावा म्हणून चार-चार माणसं महिनामहिना राबायची. तिनं तो उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याखाली दगड विरघळला, ओल्या साखरेसारखा. पाथरवटाच्या घरात चौपन्न वर्षं काढलेल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. शाळा तिनं चौथीत सोडली, कागद वाचताना अजून ओठ हलतात, पण दगडाची पाठ तिला वाचता येत होती. पाणी आत शिरलं होतं, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, हिवाळ्यात ते तिथंच गोठलं, फुगलं, वितळलं, पुन्हा गोठलं. दगडाच्या कडेला बोटभर करडा काठ चिकटलेला होता. त्या काठाला तिनं नख लावून पाहिलं. नख मोडलं. काठ होता तसाच राहिला.

ती खुर्चीवर बसली. मंगळवारी असाच एक दगड पडला होता, याच्या शेजारचाच असणार. विद्यापीठातल्या थेरॉन हॉलच्या मोठ्या कमानीखाली दगडी बाक आहे, तिथं एक मुलगी डबा खात बसली होती. ॲनिका नावाची, कुठल्याशा शेतगावातली, पहिल्याच वर्षाला आलेली. आज शनिवार. मुलीनं अजून डोळे उघडले नव्हते. स्टेफानं चर्चमध्ये रोज एक मेणबत्ती लावली होती, आणि मेणबत्ती लावताना मुलीसाठी किती आणि लिओनसाठी किती याचा घोळ तिच्या मनात झाला तेव्हा स्वतःवरच चिडून तिनं दुसरी मेणबत्ती लावली होती. कारण विद्यापीठाच्या सगळ्या जुन्या इमारतींच्या दगडाचं काम लिओनच्या हाताखाली होतं, आणि दर वसंतात थेरॉन हॉलच्या कागदावर 'भिंत ठीक' असं लिहून खाली सही करणारा लिओनच होता. पण हे तिला मंगळवारपासून माहीत होतं. आज सकाळी नवीन होता तो करडा काठ. मंगळवारपासून ती स्वतःला सांगत होती की दुसरा कुठला भाग असेल, उत्तरेचा असेल, त्या दुसऱ्या गवंड्यानं, कुबियाकनं, केलेला असेल.

जिन्यावर डोलोरेसची पावलं वाजली. सून वरच्या मजल्यावरून खाली यायची ती नेहमी हातात काहीतरी घेऊन, रिकाम्या हातानं सासूसमोर येण्याची तिची हिंमत नव्हती. आज हात रिकामे होते.

"कुठाय तो?" स्टेफानं विचारलं.

"गेला. सहालाच गेला. कॉफीसुद्धा घेतली नाही."

"मग तू काय करत होतीस? दाढी करत होतीस का?"

"मा, आज नको." डोलोरेस दगडाकडे बघून उभीच राहिली. "तुला काही बोलला का तो?"

"माझ्याशी तो ईस्टरपासून 'मीठ दे' याच्यापुढं बोललेला नाही. बोल तू."

"दहा वाजता ते सगळे कमानीपाशी जमणारेत. विद्यापीठाचे वास्तुवाले हॅस्केल, आणि त्यांची वकिलीण. त्यांनी दगडांमधल्या दरजांतला माल तपासायला पाठवला होता, त्यात सिमेंट निघालं. निव्वळ सिमेंट. आणि लिओन सांगणार आहे की ते त्यानं भरलं. नव्वद साली, कामावर लागला तेव्हा, कुणाला न विचारता."

"नव्वद साली त्यानं त्या भिंतीला हातसुद्धा लावलेला नाही."

"मला ठाऊक आहे, मा. त्यालाही ठाऊक आहे. मी विचारलं, का सांगतोस असं? तर म्हणतो, नाहीतर ते बाबांची पाटी काढतील." डोलोरेसचा आवाज फाटला. "कोर्टात नेतील त्याला. मी बोलले, ओरडले, बशी फोडली एक. तो नुसता बसून राहिला. काल रस्त्याच्या मधून चालत घरी आला, गाड्या भोंगे वाजवतायत. म्हणतो, मला आता कुठल्याच भिंतीच्या कडेनं चालवत नाही. मला त्याची भीती वाटते, मा. तळघरात बाबांची सगळी हत्यारं त्यानं तेल लावून पेटीत भरून ठेवलीत. कुणी प्रवासाला निघतं तशी."

स्टेफा काही बोलली नाही. सुनेला हे इतकं नवीन होतं की ती जरा मागं सरली.

पाटी पितळेची होती. तिचा नवरा ब्रुनो निवृत्त झाला त्या वर्षी विद्यापीठानं ती कमानीच्या आतल्या अंगाला ठोकली: ही कमान ब्रुनो व्रोना, पाथरवट, यांनी राखली. शंभर वर्षांत तिथं पाट्या लागल्या त्या पैसे देणाऱ्यांच्या, नाहीतर युद्धात मेलेल्यांच्या. कामगाराची ती पहिली. त्या दिवशी ब्रुनोनं लग्नातला सूट घातला होता, आणि टाळ्या वाजत असताना तो पाटीकडे न बघता पाटीच्या वर, दगडांच्या मधल्या रेघांकडे बघत होता. सगळ्यांना वाटलं, केवढा नम्र माणूस. लिओनच्या डोळ्यांत पाणी होतं. स्टेफा पहिल्या रांगेत टोपी घालून बसली होती आणि ती टोपी तिला एकाएकी इतकी घट्ट झाली की काढून मांडीवर घ्यावी लागली. रविवारी चर्चनंतर ब्रुनो कधी सरळ घरी आला नाही. बस बदलून विद्यापीठात जायचा, कमानीखाली उभा राहायचा, तळहात भिंतीला लावायचा, आजारी गुराच्या पोटाला लावतात तसा. लिओनला तो लहानपणापासून बरोबर न्यायचा, पण हातोडी घेऊन कधी नाही. इतर सगळ्या भिंती त्यानं पोराला ठोकून ऐकायला शिकवल्या: खणखणीत वाजला तर दगड जिवंत, बद्द वाजला तर पाठ सोडलेली. ही एक भिंत कधी ठोकू दिली नाही. आणि पोरानं त्याचा अर्थ असा घेतला की ती ठोकायची गरजच नाही, ती बाबांच्या हातची आहे. बाप मेल्यावर नऊ वर्षं त्यानं त्या भिंतीला फक्त तळहात लावला आणि खाली सही केली. दुसऱ्या कुठल्याही गवंड्यानं हातोडी उचलली असती. व्रोनांच्या घरातलाच माणूस ही चूक करू शकत होता, आणि ती चूक या घराला शिकवली कुणी हे एकट्या स्टेफाला ठाऊक होतं.

तिनं कोट चढवला, टोपी घातली, आणि दगड पुन्हा जाकिटात गुंडाळला. डोलोरेस म्हणाली, मी गाडी काढते. स्टेफा म्हणाली, तू हॉस्पिटलात फोन कर, त्या पोरीचं विचार, आणि मग चर्चमध्ये जाऊन बस, तुला रडत गाडी चालवता येत नाही आणि मला मरायची घाई नाही. बसमध्ये तिनं दगड मांडीवर घेतला. शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली, त्याला ते गुंडाळलेलं मूल वाटलं असावं. दगडाचं वजन मांडीतून खाली उतरत होतं आणि तिला आठवत होतं, लिओन सहा वर्षांचा होता तेव्हा एवढ्याच वजनाचा असेल का, नाही, जास्त. पण झोपला की असाच जड व्हायचा. सत्तेचाळीस वर्षं. त्या वर्षीचा शरद ऋतू तिला बसच्या काचेवर दिसत होता. विद्यापीठानं थेरॉन हॉलच्या दरजा नव्यानं भरायचं काढलं होतं. उत्तर बाजू स्टाश कुबियाकला दिली आणि दक्षिण, कमानीसकट, ब्रुनोला. कुबियाक सिमेंट कालवायचा, फासायचा, पुढं सरकायचा. ब्रुनो चुना भिजवत ठेवायचा, चाळायचा, वाळूशी मळायचा, आणि भरलेल्या दरजांवर ओली गोणपाटं टांगायचा, दिवसातून चार वेळा पाणी मारायचा, बाळंतिणीसारखी भिंत जपायचा. त्याचं म्हणणं एकच होतं आणि ते तो कुणी विचारलं तरच सांगायचा: दरज दगडापेक्षा मऊ हवी. भिंतीला त्रास झाला तर आधी दरज मेली पाहिजे. दरज पुन्हा भरता येते, दगड पुन्हा कुठून आणायचा?

कुबियाकची बाजू पाच आठवड्यांत झाली. शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला चर्चच्या तळघरात सगळी वस्ती जमायची, तिथं कुबियाकची बायको नवा कोट घालून आली आणि स्टेफाला म्हणाली, "तुझा नवरा अजून गोणपाटंच वाळत घालतोय वाटतं? धोबी झालाय का?" सगळं टेबल हसलं. स्टेफाही हसली, आणि त्या कोटाला शोभेल असं काहीतरी लागेलसं उत्तरही तिनं दिलं, ते काय होतं ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की घरी जाईपर्यंत ते हसू तिच्या घशात अडकून राहिलं होतं, माशाच्या काट्यासारखं, भाकरीचा घास गिळूनही न जाणारं. तिला गरिबीची लाज कधी वाटली नाही. तिला लाज वाटायची ती हसं होण्याची. तिच्या बापाला गाव हसायचं, दारूमुळं, आणि ती नऊ वर्षांची असताना तिनं ठरवलं होतं की माझ्या दारावर हसत कुणी येणार नाही, आधी मी बोलेन. आणि ती बोलत आली. बोलणं हे तिचं एकच हत्यार होतं, ते तिनं कधी बोथट होऊ दिलं नाही, आणि त्याचा तिला गर्व होता, अजूनही आहे, बसमध्ये बसल्या बसल्यासुद्धा. खोटं बोलली नाही कधी. लोक म्हणायचे, स्टेफाचं तोंड वाईट, पण ती म्हणते ते खरं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रुनो पांढरे हात घेऊन जेवायला बसला. बदकाच्या रक्ताचं सूप केलं होतं, त्याच्या आवडीचं, ते तिनं मुद्दाम केलं नव्हतं पण आता तसं वाटतं. लिओन टेबलाच्या कडेला, पायाखाली पेटी घेऊन बसला होता. पुढचा दात सकाळीच पडला होता आणि तो सारखा जीभ त्या फटीत घालत होता. ब्रुनो म्हणाला, थंडी लवकर येईल असं दिसतं, कमान वसंतावर ढकलावी लागेल, चुन्याला पहिलं हिव लागलं तर तो मरतो. एवढंच. मग स्टेफा बोलली. एकच वाक्य नव्हतं ते, तीन-चार होती, पण शेवटचं एक होतं आणि ते ती सत्तेचाळीस वर्षांत एकदाही मनात पूर्ण उच्चारू शकलेली नव्हती. त्याच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. ते ऐकून ब्रुनोनं चमचा खाली ठेवला नाही. तो चमचा हातात धरून तिच्याकडे बघत राहिला, आणि तिला दिसलं, तो हे गिळेल. तो तिचं सगळंच गिळत आला होता. त्याचा चेहरा तसा होता, पाणी आत घेणारा आणि बाहेर सोडणारा. आणि तेवढ्यात लिओन हसला. पोराला काही कळलं नव्हतं. आईच्या आवाजातली गंमत तेवढी कळली होती. तो त्या फटीतून हसला, सूप उडालं, आणि ब्रुनोनं मान वळवून पोराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सोमवारी त्यानं सिमेंटच्या गोण्या मागवल्या. बारा दिवसांत कमान पुरी झाली.

बस थांबली तेव्हा तिच्या मांड्या बधिर झाल्या होत्या. विद्यापीठाची हिरवळ ओलांडून जाताना तांबड्या इमारती एकामागून एक पुढं आल्या, बुटक्या जाड खांबांच्या, अर्ध्या वर्तुळाच्या कमानींच्या, एका अंगाला मनोरा टेकवून बसलेल्या. हॅस्केल त्यांना रोमनेस्क म्हणतो. ब्रुनो त्यांना म्हाताऱ्या म्हणायचा. या म्हाताऱ्यांनी मांड्या घातल्यात, म्हणायचा, उठणार नाहीत आता. थेरॉन हॉलच्या कमानीखाली लाकडी टेकू लागले होते आणि पिवळी पट्टी ताणलेली होती. पट्टीच्या बाहेर कुणीतरी फुलं ठेवली होती, त्यांवर एक न उघडलेला बिस्किटांचा पुडा. त्या पुड्यापाशी स्टेफाचं पाऊल अडलं. ब्रुनोच्या गावाकडं, खाणीवरल्या माणसांत, रीत होती: पाथरवटाच्या पहिल्या पोराचा पहिला दात बाप ज्या भिंतीवर असेल तिच्या ओल्या दरजेत घालायचा. मग भिंत त्या पोराला ओळखते, त्याच्यावर कधी पडत नाही. तिनंच तो दात रुमालात बांधून परांचीवर नेऊन दिला होता, त्या बारा दिवसांतल्या एका दिवशी, दुपारच्या डब्याबरोबर. ब्रुनो तेव्हा तिच्याशी बोलत नव्हता. त्यानं रुमाल सोडला, दात करड्या ओल्या सिमेंटात अंगठ्यानं दाबला आणि वरून थापी फिरवली. "घट्ट बसेल," एवढंच म्हणाला. ओळखलं भिंतीनं. नऊ वर्षं लिओन तिच्याखाली हात लावून उभा राहिला, त्याला काही केलं नाही. परक्याच्या लेकीला ओळखायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पट्टीच्या आत तिघं उभी होती. उंच, वाकलेला हॅस्केल, करड्या कोटातली वकिलीण हातात कागद घेऊन, आणि लिओन. त्याची दाढी वाढलेली होती, आणि तो टेकूला टेकला नव्हता, भिंतीलाही नाही. मोकळ्या हवेत, कशालाही न शिवता उभा होता. वकिलीण विचारत होती, "म्हणजे नव्वद साली. महिना आठवतो?"

"ऑक्टोबर," लिओन म्हणाला.

"ऑक्टोबरात तू न्यूमोनियानं घरी पडला होतास," स्टेफा पट्टीखालून वाकून आत येत म्हणाली. "आणि तुझ्या छातीला मोहरीचा लेप मी लावत होते. नीट खोटं तरी बोल."

"मा. घरी जा."

"मिसेस व्रोना," हॅस्केल पुढं आला, "इथं धोका आहे, तुम्ही कृपा करून..."

"इथला धोका मला तुमच्यापेक्षा जुना माहीत आहे. बाई, तुम्ही लिहून घेताय ना? लिहा. हे सिमेंट सदुसष्ट सालचं आहे. माझ्या नवऱ्यानं भरलं. तो चुन्याचा माणूस होता, त्याला ते भरायचं नव्हतं. मी भरायला लावलं."

वकिलिणीनं लिहिलं नाही. तिनं हॅस्केलकडे पाहिलं, मग स्टेफाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही मऊ आलं की स्टेफाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "तुम्ही त्यांच्या आई आहात," ती म्हणाली. "मी समजू शकते."

"काय समजू शकता?"

"तिच्याकडे लक्ष देऊ नका," लिओन म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "ती मला वाचवायला बोलतेय. बाबांनी आयुष्यात सिमेंटची गोणी उघडली नाही. मी केलं हे."

आयुष्यभर ती बोलली आणि सगळ्यांनी खरं मानलं. कुणाचं बाहेर प्रकरण आहे हे तिनं सांगितलं आणि लग्नं मोडली. आणि आज जे एकच खरं गळ्यात धोंड्यासारखं बांधून ती जगली ते तिनं तोंडाबाहेर काढलं, तर तीन शहाणी माणसं तिच्याकडे भाबड्या म्हातारीकडे बघावं तशी बघत होती. तिला वाटलं, आता जमीन फाटली तर बरं. तिनं जाकीट खाली ठेवलं, उलगडलं, लिओनच्या हत्यारांच्या पिशवीत हात घातला आणि हातोडी काढली. "मा!" तो ओरडला. ती भिंतीपाशी गेली आणि तिनं ठोकलं. बद्द. बाजूला ठोकलं. बद्द. हाताच्या उंचीला, खांद्याच्या उंचीला, खाली, वर. दर आवाजाला लिओनचं अंग आक्रसत होतं, जणू ती त्याच्या छातीवर ठोकत होती. ज्या भिंतीला त्यानं नऊ वर्षं तळहात लावला तिची पाठ कधीच सुटलेली होती. एक दगड खणखणला, एकच, आणि ते ऐकून उलट सगळे दचकले.

"आता छिन्नी घे," ती म्हणाली. खांबाच्या डोक्यावर उघड्या तोंडाचा एक चेहरा कोरलेला आहे, पोरं त्याच्या तोंडात चघळलेला चुइंगम चिकटवतात. "त्याच्या वर चौथी दरज. डावीकडून वीतभर. तुझा पहिला दात आहे तिथं."

लिओन हलला नाही. मग म्हणाला, "बाबा म्हणाले होते, दात चुन्यात आहे."

"त्यानं तुला कधी असं सांगितलं? तोंडानं सांगितलं?"

तो आठवू लागला. तिला दिसत होतं, तो बापाची सगळी वाक्यं, होती तेवढी थोडकी, हातात घेऊन उलटी करून बघतोय. शेवटी त्यानं छिन्नी घेतली. ब्रुनोचीच छिन्नी होती, पेटीतली नसून पिशवीतली, म्हणजे एवढी एक त्यानं बांधून ठेवलेली नव्हती. पहिल्या घावाला दरज तशीच राहिली आणि वरच्या दगडाचा तुकडा उडाला. दुसऱ्या घावाला खालच्याचा. हॅस्केल पुढं झाला, वाकून बघू लागला, आणि मग त्यानं टोपी काढली. दगड दोन्हीकडून लाल भुकटी होऊन गळत होता आणि मधे ती करडी रेघ एकटी उभी होती, बरगडीसारखी. लिओन घाव घालत होता, त्याच्या मिशांवर लाल धूळ बसली होती. आणि मग त्यानं छिन्नी खाली केली. करड्या तुकड्यात, अर्धा आत, अर्धा बाहेर, तांदळाएवढं काहीतरी पिवळट होतं.

हिरवळीवरून पोरं हसत चालली होती, कुणाचा तरी चेंडू दुसऱ्या पोरानं अडवला. वकिलीण हळूच म्हणाली, "मिस्टर व्रोना, तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?"

"सहा," लिओन म्हणाला. त्यानं तुकडा तळहातावर घेतला होता आणि जिभेचं टोक त्याच्या ओठांमागं पुढच्या दातांवर फिरत होतं, त्याला कळत नव्हतं. वकिलिणीनं कागदावर आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं. पेनचा आवाज ऐकू आला. हॅस्केल पितळी पाटीकडे बघत नव्हता, आणि तो बघत नाही हे स्टेफानं पाहिलं. पाटी जाईल. ब्रुनो दोनदा मरेल, आणि दुसऱ्यांदा तिच्याच तोंडानं. लिओनच्या सह्या राहतीलच. ठोकून न बघता केलेल्या नऊ सह्या, त्यांतून त्याला कुणी सोडवणार नव्हतं. त्या पोरीनं डोळे उघडले की नाही ते डोलोरेसला कळलं असेल, नसेल. काहीच वाचलं नव्हतं. एवढंच की तो आता दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन पेटी भरून कुठं निघून जाणार नव्हता. स्वतःचं तेवढं घेऊन घरी येईल.

"का?" लिओननं विचारलं. तो इतरांकडे नाही, तिच्याकडे बघत होता. बापाची मान, तशीच हळू वळणारी. "त्यांना मारून टाकलं असतं तरी त्यांनी सिमेंट भरलं नसतं. तू काय बोललीस त्यांना?"

वकिलिणीनं पेन थांबवलं. स्टेफाला वाटलं, सांगावं की हे तुझं-माझं आहे, घरी बोलू. पण घरी ते पुन्हा सत्तेचाळीस वर्षं राहील. तिनं टोपी काढली. केस उडत होते, कुणी बघितलं तर बघू दे.

"मी म्हणाले, कुबियाकनं मला आधी मागणी घातली होती. मी तुला घेतलं, कारण तू कमी बोलायचास. मला वाटलं, शांत माणूस आहे." ती थांबली. आता दार समोर होतं, आणि या वेळी तिला मागं फिरता येत नव्हतं. "म्हणाले, शांत नाहीस तू ब्रुनो. तू नुसता मंद आहेस. आणि हे आता पोरालासुद्धा कळायला लागलंय."

लिओननं मूठ मिटली, दातासकट. वरून लाल भुकटी अजून गळत होती, त्याच्या खांद्यावर, तिच्या केसांवर. तो काहीतरी ऐकत असल्यासारखा उभा राहिला, जसा तो दगड ठोकून झाल्यावर उभा राहतो, आवाज पूर्ण विझेपर्यंत.

"मला ते जेवण आठवतं," तो म्हणाला. "सूप होतं काळं. बाबा जेवले नाहीत. आणि कुणीतरी हसलं." त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मोठ्यानं हसलं कुणीतरी, मा. आणि बाबांनी वळून पाहिलं. कोण हसलं होतं?"

जन्मात खोटं न बोललेल्या स्टेफानं लेकाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मी," ती म्हणाली. "मीच हसले होते."